पळीभर जुनं पाणी

"पुन्हा शून्य," मॅडम म्हणाल्या आणि मायक्रोस्कोपवरून डोकं वर न करताच त्यांनी पुढची काच मागितली. "एकोणचाळीस झाले. एकाच्याही पोटात काही नाही."

"चाळिसावा बघा ना," शेजारी उभा असलेला रडतराव म्हणाला.

"चाळिसावा काय वेगळं सांगणार आहे?" तरी त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला. "शून्य."

मी दारात उभी होते, हातात कोषांची वाटी घेऊन. वाटीत दोनशे कोष पाण्यात वर-खाली टुणटुण करत होते. दुपारच्या आत त्यांना पिंजऱ्यात ठेवायला हवं होतं, नाहीतर डास होऊन खोलीभर उडाले असते. पण माझा पाय निघेना. ही तिसरी खेप. तीन वेळा चाळीस, म्हणजे एकशेवीस डासांची पोटं मॅडमनी सुईनं उघडली होती, आणि एकशेवीस शून्यं हाती आली होती.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी डास पाळते. हसा, हसून घ्या, मला सवय आहे. लोक कोंबड्या पाळतात, मासे पाळतात, मी संशोधन संस्थेत डास पाळते आणि बावीस वर्षं पाळतेय. संस्थेत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मला मावशी म्हणतात. एक मोठे सर तेवढे 'बाई' म्हणतात. पाठीमागे 'डासांची मावशी' म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

माझी खोली वर्षभर दमट आणि उबदार. आत गेलं की चष्म्यावर धुकं चढतं, केस म्हणून कधी वाळत नाहीत. एका बाजूला मांडणीवर पांढरे ट्रे, त्यांत अळ्या. दुसऱ्या बाजूला जाळीचे चौकोनी पिंजरे, त्यांत डास. पिंजऱ्यात हात घालायला कापडाची बाही असते. विकतच्या बाह्यांतून डास सुटायचे, म्हणून त्या सगळ्या आमच्या ह्यांनी शिवून दिल्या. हे शिंपी आहेत. डासांचे कपडे शिवणारा शिंपी म्हणून मी चिडवते, तर म्हणतात, "गिऱ्हाईक बरं आहे. फिटिंगची तक्रार करत नाही."

अंडी घालायला डासाच्या मादीला रक्त लागतं. आता त्यासाठी काचेचं भांडं आलंय, त्याला पातळ पडदा, आत गरम ठेवलेलं रक्त. पूर्वी मी आपला हातच घालून बसायचे पिंजऱ्यात, दहा मिनिटं, दर आठवड्याला. कोपरापर्यंत गांधी उठायच्या. माझ्याच रक्तावर वाढलेल्या किती पिढ्या त्या! आणि या बावीस वर्षांत माझा वंश एकदाही बुडाला नाही. मोठमोठ्या ठिकाणांहून आमच्याकडे अंडी मागायला माणसं यायची. आधीचे सर तर चारचौघांत म्हणायचे, "हिच्या हाताला गुण आहे." ऐकलं की मी खाली बघायचे, पण घरी जाताना पाय जमिनीला लागत नसत.

तर मॅडम. मॅडम आमच्याकडे येऊन आठ महिने झाले होते. माझ्या लेकीच्या वयाच्या, पण अंगात पाणी असलेली बाई. तोवर आमच्या डासांवर मच्छरदाण्या, फवारे, अंगाला लावायची मलमं असलंच काही तपासलं जायचं. मॅडमना हिवतापाचं काम करायचं होतं. हिवतापाचा जो जंतू असतो त्याला त्या परजीवी म्हणतात. ते परजीवी बाटलीतल्या रक्तात जिवंत ठेवायचे काम रडतरावाचं. त्याचं हे नाव मीच पाडलं. चाळिशीचा बाप्या, पण भरलेला पेला दिसला की आधी तो सांडेल का याची चिंता करणार. हात मात्र अगदी सोन्याचे. त्यानं ते दूषित रक्त पडद्यातून माझ्या डासांना पाजायचं, आणि आठ दिवसांनी मॅडमनी डासांची आतडी काढून बघायची. परजीवी रुजला असेल तर आतड्याच्या भिंतीवर बारीक गोळे दिसतात. गोळा दिसला म्हणजे तो डास पुढे हिवताप देणार. मॅडमना नव्या औषधाची परीक्षा घ्यायची होती. पण त्यासाठी डासाला आधी आजार लागायला नको का? तो लागतच नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत मोठे सर खाली आले. त्यांनी तिन्ही खेपांचे कागद बघितले आणि म्हणाले, "परजीवी मेलेले असणार. बाटल्यांत काहीतरी बिघडलंय. सोमवारच्या बैठकीत ठरवू. परजीवी वाढवायला दुसरा माणूस बघा."

रडतराव तिथंच उभा होता. त्याचं काम दर वर्षी नव्यानं मंजूर व्हायचं, आणि ते वर्ष महिनाअखेर संपत होतं.

मग तो माझ्या खोलीच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसला. म्हणाला, "मावशी, माझे परजीवी पोहतायत. मी रोज बघतो. आज सकाळीसुद्धा बघितलं. मेलेला कसा पोहेल?"

"मग सांगायचं ना सरांना."

"मी सांगितलेलं कधी कुणाला खरं वाटलंय? माझं तोंडच असं आहे."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी चहा करायला उठले. तेवढ्यात मॅडमही आल्या आणि कपाटाला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"मॅडम, दुसरं काही नसेल का?" मी सहज विचारलं. "परजीवी बरे आहेत आणि तरी रुजत नाहीत, असं होत नाही का कधी?"

"होतं ना. डासाच्या पोटात जिवाणू असतात, मावशी. आपल्या पोटात असतात तसेच. काही जिवाणू असे असतात की त्यांच्या तावडीत परजीवी सापडला की संपला. त्याला आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचूच देत नाहीत. बाहेरच्या रानटी डासांत हे सापडतं. कुठल्या घाण पाण्यात वाढले त्यावर असतं."

"मग आपल्यात?"

"आपल्यात कुठून येणार? मी पहिल्याच महिन्यात तुमच्या नोंदवह्या तपासल्या. दर ट्रेला मशीनचं शुद्ध पाणी, जुनं पाणी टाकून ट्रे धुतलेला, खाली तुमची सही. एक दिवस चुकलेला नाही. तुमची सही आहे म्हटल्यावर तो प्रश्नच मिटला."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. मॅडमना वाटलं चहा गरम असेल.

आता जे सांगते ते एकोणीस वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

पाणी शुद्ध करायचं ते मशीन आलं तेव्हा मी नोकरीत तशी नवीच होते. भिंतीवर नियम लागला, की जुनं पाणी ओतून टाका, ट्रे धुवा, मशीनचं पाणी भरा. मी अगदी तसंच केलं. आणि माझ्या अळ्या मरायला लागल्या. एका रात्रीत नाही, हळूहळू. वाढच होईना. खाणं तेच, ऊब तीच, आणि अळ्या दोऱ्याच्या तुकड्यासारख्या तशाच पडून. पहिली पिढी निम्मी गेली, दुसरी जवळजवळ सगळी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला ठेवलंच होतं त्यांना जगवायला! आणि मागच्या व्हरांड्यात एक ट्रे विसरून राहिला होता, आवारातल्या हौदाचं पाणी भरलेला, वर हिरवट तवंग आलेला. बघते तर काय, त्यात अळ्या मस्त धष्टपुष्ट, नुसत्या नाचत होत्या.

मी त्या पाण्यातली एक पळी काढली आणि नव्या ट्रेत घातली. विरजण लावतात ना, अगदी तसं. आठ दिवसांत सगळी खोली सुधारली. तेव्हाच तर आधीचे सर म्हणाले होते, हिच्या हाताला गुण आहे म्हणून.

खरं बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. पण नियम मोडलाय हे सांगायचं कसं? आणि त्याहून मोठं म्हणजे ते कौतुक सोडवेना. पळीचं नाव काढलं असतं तर हाताचं नाव गेलं असतं. म्हणून गप्प बसले. त्यानंतर प्रत्येक नव्या ट्रेत आधीच्या ट्रेतलं पळीभर पाणी. त्यातलं पुन्हा पुढच्यात. एकोणीस वर्षं. आणि रोज खाली सही, की जुनं पाणी टाकलं.

म्हणजे मॅडम बरोबर दाराशी आल्या होत्या आणि माझ्या सहीनं ते दार त्यांच्या तोंडावर लावलं होतं. आणि त्याचा भुर्दंड कुणाला? तर बाकावर बसून चहात फुंकर मारणाऱ्या त्या बापड्याला. तरी मी बोलले नाही हो. कप विसळले आणि घरी आले.

घरी हे मशीनवर बसले होते, शाळेच्या गणवेशांचा ढीग समोर घेऊन. मी ओढणीसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. ह्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला, मग माझ्याकडे बघितलं.

"एकोणीस वर्षं खोटी सही? तू? अगं, बसमध्ये तिकीट द्यायला कंडक्टर विसरला तर तू त्याच्या मागे धावतेस."

"थट्टा नको. काय करू ते सांगा."

"पाच महिने राहिलेत निवृत्तीला. गप्प बसलीस तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"हे तुम्ही सांगताय?"

"मी सांगत नाहीये. तू विचारलंस, त्याचं उत्तर दिलं." ह्यांनी नवा कपडा उलगडला, पण शिवायला घेतला नाही. "मला वाईट एवढंच वाटतं, की लोकांना मी सांगत फिरलो, बायकोच्या हाताला गुण आहे. आता काय सांगू?"

"पळीला गुण आहे म्हणून सांगा," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. भीतीनं नव्हे, रागानं. स्वतःचाच राग. एवढी ताठ मानेनं जगलेली बाई मी, आणि ताठ मान कशाच्या आधारानं, तर एका थापेच्या! हे उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग स्वतःच भात टाकला. ते एक त्यांचं बरं आहे.

सोमवारी बैठकीच्या खोलीत मोठे सर, मॅडम, कार्यालयाचे दोघं आणि कोपऱ्यात रडतराव. त्यानं आपला मग आणि टेबलावरचं कॅलेंडर आधीच पिशवीत भरून आणलं होतं. मी दार ढकलून आत गेले.

"चहा नंतर आणा, बाई," सर म्हणाले.

"चहाचं नाही, सर. डासांचं बोलायचंय."

सरांच्या कपाळाला आठी पडली. मी थांबले नाही. थांबले असते तर बोललेच नसते. "मी ट्रेत मशीनचं पाणी भरते. पण नुसतं नाही. प्रत्येक नव्या ट्रेत जुन्या ट्रेतलं पळीभर पाणी घालते. मॅडमना दिलेला एकूण एक डास तसाच वाढवलाय. याच्या बाटल्यांचा यात काही दोष नाही."

"भिंतीवर नियम लावलेला आहे, बाई."

"हो. रोज वाचते."

"आणि रोज सही करता."

"रोज करते."

"कधीपासून चाललंय हे?"

"एकोणीस वर्षं झाली."

कार्यालयाच्या दोघांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे या संस्थेच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी खोट्या?"

"पाण्याच्या रकान्यातल्या खोट्या," मी म्हटलं. आवाज कुठून आला कोण जाणे, खणखणीत आला. "बाकी किती अंडी, किती अळ्या जगल्या, किती मेल्या, तापमान काय, त्यातला एक आकडा खोटा निघाला तर मला आत्ता घरी पाठवा. आणि माझ्या हाताला गुणबिण काही नाही, तेही आज सांगून टाकते."

मॅडम इतका वेळ टेबलाकडे बघत होत्या. त्या उठल्या. मला वाटलं, आता शाबासकी मिळते की काय. कसलं काय! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आठ महिने, मावशी," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी डोकं आपटतेय. तुमची सही आहे म्हणून मी पाण्याचा प्रश्नच सोडून दिला होता. तुमच्यासमोर तसं बोललेही होते."

सरांचं रागावणं मी झेललं, पण मॅडमचं हे वाक्य आजही टोचतं.

मग त्यांनी नाक पुसलं आणि त्यांच्यातली शास्त्रज्ञ बाई जागी झाली. "ते पाणी आत्ता आहे?"

"सगळ्या ट्रेत आहे."

"सर, मला एक महिना द्या. आणि हा माणूसही द्या, ह्याच बाटल्या द्या. काहीच बदलू नका."

सरांनी महिना दिला. रडतराव राहिला. पण सर म्हणाले, नोंदवहीत यापुढे बाईंनी सही करायची नाही. काम मी करायचं, आणि खाली सही रडतराव करणार.

तो महिना मला फार लांब गेला. बावीस वर्षं ज्या वहीवर माझा हात होता ती मी उघडून द्यायची आणि त्यानं वाकून सही करायची. बिचारा रोज म्हणायचा, "मावशी, रागावू नका हं." मी म्हणायचे, "कर रे बाबा, पण जरा नीट कर, कोंबडीनं पाय दिल्यासारखी दिसतेय." पळी मात्र मॅडमनी चालू ठेवायला सांगितली. आता मोजून आणि त्यांच्या डोळ्यांदेखत. पळीत किती पाणी, कुठल्या ट्रेतलं, किती वाजता, सगळं टिपून घेत. जे काम मी एकोणीस वर्षं पाठमोरी होऊन चोरासारखं केलं, ते उजेडात करताना आधी अवघडले, आणि मग अवघडेनाशी झाले.

मॅडमची युक्ती साधी होती. एकाच मादीची... नाही, चुकले, एकाच पिंजऱ्यातली अंडी, एकच पाणी, एकच खाणं. डास झाल्यावर त्यांचे दोन पिंजरे करायचे. डासांना रोज साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस देतात. एका पिंजऱ्याला नेहमीचा कापूस. दुसऱ्याच्या साखरपाण्यात जिवाणू मारायचं औषध. परजीवीला धक्का लागणार नाही असं औषध मॅडमनी हुडकून आणलं होतं. म्हणजे बहिणी-बहिणीच त्या, फक्त एकीच्या पोटात जिवाणू भरलेले आणि दुसरीचं पोट साफ. पाच दिवसांनी रडतरावानं दोघींना एकाच बाटलीतलं रक्त पाजलं. मग आठ दिवस थांबायचं.

ते आठ दिवस मी अन्न नुसतं गिळत होते. रडतरावाची तर बातच सोडा. त्याचा जीव तर टांगणीला होताच, पण माझाही होता. दुसऱ्या पिंजऱ्यातही शून्य आलं असतं तर? तर बाटल्याच खराब ठरल्या असत्या, तो गेला असता, आणि मी फुकट एकोणीस वर्षांचं नाक कापून घेतलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी मॅडम बसल्या. आधी नेहमीचा पिंजरा. शून्य, शून्य, शून्य. एकात एक गोळा, मग पुन्हा शून्यांची माळ. चाळिसांत फक्त दोघींच्या पोटात एकेक गोळा. मग औषधाचा पिंजरा. पहिलं आतडं काचेवर ठेवलं, लाल रंग दिला. मॅडम बघत राहिल्या. रडतरावानं माझा दंड घट्ट धरला, अजून तिथं दुखतंय.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "इकडे या. तुम्ही बघा."

बावीस वर्षांत मी असंख्य डास वाढवले, पण त्यांच्या पोटात डोकावून कधी बघितलं नव्हतं. मी चष्मा वर सारला आणि डोळा लावला. लालसर पातळ पिशवी होती, आणि तिच्या भिंतीवर गोळेच गोळे, पिशवीत वाटाणे भरून ताणल्यावर बाहेरून दिसतात ना तसे.

"किती आहेत?"

"एकशे बारापर्यंत मोजले," मॅडम म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "बाटल्या ठणठणीत आहेत. परजीवी ठणठणीत आहेत. तुमच्या डासांच्या पोटात कोणीतरी बसलंय, जे त्यांना रुजू देत नाही. आणि ते तुमच्या पाण्यातून येतंय. कोषातून डास बाहेर पडतो तेव्हा त्याच पाण्यावर टेकून तो पहिला घोट घेतो."

चाळिसांतल्या चौतीस जणींची पोटं भरलेली निघाली. त्या दिवशी रडतराव मोठ्यानं हसला. आजवर कुणी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याला ते अजिबात शोभत नव्हतं.

आणि मी? माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या डासांना हिवताप लागत नव्हता! ज्या डासाच्या नावानं जग बोटं मोडतं, तो माझ्या खोलीतला डास कुणाला हिवताप द्यायला राजीच नव्हता, आणि एकोणीस वर्षं हे कुणाला माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही. छाती अशी भरून आली की मला बाहेर व्हरांड्यात जावं लागलं. चूक माझी होती, खोटेपणा माझा होता, ते मी नाकारत नाही. पण अभिमान वाटायचा तो वाटलाच, त्याला मी काय करू?

मॅडमनी पुढे ते पाणी कितीदा तरी तपासलं आणि त्यातला तो एक जिवाणू वेगळा काढला. एका बशीत वाढवून मला दाखवला. पिवळट ठिपके, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "मग आता हे बाहेरच्या डासांना पाजलं तर जगातला हिवताप जाईल?" मॅडम म्हणाल्या, "मावशी, सावकाश. तो नेमकं काय करतो तेच अजून मला माहीत नाही. या कामात माझे केस पांढरे होतील." मी म्हटलं, "होऊ देत. तुम्हाला शोभतील." त्यावर त्या हसल्या. आमच्या दोघींत जे तुटलं होतं ते त्या दिवशी थोडं सांधलं. सगळं नाही.

त्याच आठवड्यात कार्यालयातून मला पत्र आलं. नियम मोडल्याबद्दल आणि खोटी नोंद केल्याबद्दल ठपका. मॅडम सरांशी भांडायला निघाल्या होत्या, मीच अडवलं. म्हटलं, "ठपका बरोबर आहे. गोळे सापडले म्हणून सही खरी होत नाही." पत्र घरी आणलं. ह्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "आता लोकांना सांगायला काहीतरी ठोस झालं." मग ते पत्र कपाटात आमच्या लेकीच्या प्रमाणपत्रांच्या फायलीत ठेवून दिलं.

माझ्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना बाहेरून पाहुणे आले. पाच शास्त्रज्ञ, त्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांना पाणी बघायचं नव्हतं. त्याचे नमुने त्यांच्याकडे आधीच गेले होते. त्यांना मी हे कसं करते ते ऐकायचं होतं. बैठकीच्या खोलीत मला बोलावलं. मोठे सर होते, मॅडम होत्या. मी टेबलाच्या टोकाशी उभी राहून सांगितलं: पळी केव्हा काढायची, तवंग बाजूला सारून खालचं पाणी का घ्यायचं, अळ्या आळसावल्या तर दोन पळ्या का घालायच्या, पाण्याला कसा वास आला की तो ट्रे वगळायचा. विचारत गेले तसं सांगत गेले. मॅडमसुद्धा लिहून घेत होत्या. त्यातलं बरंच त्यांनी मला विचारलंच नव्हतं.

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

मी सरांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मला अळ्या सांभाळायला दिल्या होत्या आणि त्या मरत होत्या. मला बघवेना."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला संकोच वाटला. मी म्हटलं, "अहो, हे कशाला लिहिता? हे काही शास्त्र नाही."

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वहीचं पान उलटलं. "पुढे सांगा. आम्हाला वेळ आहे."

त्या खोलीत बावीस वर्षं मी ये-जा केली, पण नेहमी उभ्यानंच. मी भिंतीजवळची खुर्ची ओढली, टेबलाशी आणली आणि बसले. मग पुढचं सांगायला लागले.